तिठ्यावरचा डबा

६ ऑक्टोबर, रविवार. वणी

चंद्रपूरला जाऊन हात हलवत परत आलो. तरी आजचा दिवस लिहून ठेवावासा वाटला, म्हणून ही कोरी डायरी बाहेर काढली. गेल्या वर्षी ऑफिसात वाटली होती, तेव्हापासून टीव्हीखाली पडून होती.

आमच्या खाणीच्या सर्व्हे खात्यात नवीन आलेल्या इंजिनिअरने मला मोबाइलवर जिओकॅशिंग नावाचा खेळ दाखवला. कोणीतरी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतो. आपण मोबाइल धरून तिथवर जायचं, डबा हुडकायचा आणि आतल्या कागदावर नाव लिहायचं. आतली एखादी वस्तू आवडली तर घ्यायची, तिच्या जागी आपली एक ठेवायची, आणि डबा पुन्हा होता तिथे लपवायचा. मी दिवसभर मातीचे ढीग मोजतो. मोजून शेवटी हाती काही लागतं असाही उद्योग जगात आहे, याचं मला फार नवल वाटलं.

प्रियंका म्हणाली, "रविवारीबी मोजतच राह्यता का तुम्ही?" दवाखान्यात नर्स असल्यामुळे रविवार म्हणजे झोप असं तिचं साधं गणित आहे. तरी आली.

बागेत मोबाइलचा बाण एकाच झाडाभोवती गोल फिरत राहिला. आठ वर्षांच्या दीपाला काटा लागला, पाच वर्षांच्या रजतला मुंग्या चावल्या आणि शेवटी चौकीदाराने आम्हाला हाकललं. परतीच्या बसमध्ये दोघं डबा कुठे असेल यावरून वणी येईपर्यंत भांडली. ऑगस्टमध्ये माय गेली, त्यानंतर आमच्या घरात कोणी मोठ्याने भांडलंसुद्धा नव्हतं. मला ते भांडण गोड वाटलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

सापडला! बाकाच्या खाली चुंबकाने चिकटवलेला होता. मागच्या रविवारी मी त्याच बाकावर बसून मोबाइलला शिव्या देत होतो. दीपाने शिट्टी घेतली आणि आपली केसांची क्लिप ठेवली. रजतला कागदावर नाव लिहायचं होतं, त्याने फक्त र लिहिला आणि जागा संपली.

रात्री ॲपवर आपला जिल्हा पाहिला. महागावकडचा सगळा नकाशा कोरा. दीपा म्हणाली, "बाबा, आपणच ठेवू ना. आबाच्या गावात."

आबा म्हणजे माझे वडील, देवराव. फुलसावंगीत एकटे राहतात. माय गेल्यावर मी त्यांना किती वेळा म्हटलं की वणीला चला. दर वेळी एकच उत्तर. "मायी मानसं इथं हायत. तिथं कोयशाच्या धुरात मले कोन इचारते?" जन्मभर ते लाइनमन होते. वादळात खांबावर चढून अख्ख्या गावात उजेड करणारा माणूस, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही फ्यूज गेला की लोक आधी त्यांनाच हाक मारतात. पण रात्री घरात ते एकटे असतात आणि मला झोप लागत नाही, हे खरं आहे. मायच्या वेळी मी उशिरा पोचलो. आता आबांच्या बाबतीत तसं होऊ नये, एवढंच मला हवं आहे.

३ नोव्हेंबर, रविवार. फुलसावंगी

तीन गाड्या बदलून आलो. कापूस वेचणी जोरात आहे, गावात दिवसा माणूस दिसत नाही.

डबा ठेवला. डबा म्हणजे मायचा शिवणाचा डबा, पत्र्याचा, झाकण घट्ट बसणारा. मला वाटलं आबा देणार नाहीत. त्यांनीच कपाटातून काढून दिला. "तिचा जीव लेकरायवर होता. लेकरायच्या खेयात राहू दे." तळाशी सुया आणि दोऱ्याची रिळं होती, ती दीपाने काढू दिली नाहीत. ज्याला लागेल तो घेईल म्हणाली. तिने मायच्या ब्लाउजच्या तुकड्यांची एक बाहुली केली आहे. प्रियंकाने सकाळी दीपाचे पुढचे केस कापले होते, ते तिने बाहुलीच्या डोक्याला चिकटवले. फुटक्या बांगड्यांचे रंगीत तुकडे, जुनी दहा पैशांची नाणी, रजतची लाल मोटार. कागदावर तिने मोठ्या अक्षरात मायचं नाव लिहिलं, मथुराबाई. प्रत्येक डब्याला नाव लागतं ना.

जागा आबांनी निवडली. शेतांकडून येणारी पांदण जिथे गावरस्त्याला मिळते त्या तिठ्यावरचा कडुनिंब, त्याच्या मुळांत छान कपार आहे. झाकणाला त्यांनी आपली काळी टेप गुंडाळली, वरून लाल वायरचा वेढा दिला. म्हणाले, आता पाणी शिरणार नाही. नियमाप्रमाणे डब्याला मालक लागतो, तो अधूनमधून येऊन डबा ठीक आहे ना ते बघतो. दीपाने आबांना मालक केलं. आबा हसले. माय गेल्यानंतर पहिल्यांदा त्यांचे वरचे दात दिसले.

संध्याकाळी नानाजी ओट्यावर आले. त्यांचं शेत तिठ्याला लागूनच आहे. नानाजी आणि आबा गेली कित्येक वर्षं रोज दिवेलागणीला एकत्र बसतात, एक तंबाखू मळतो, दुसरा नावं ठेवतो. नानाजींचा नातू पिंटू रजतएवढाच आहे, दोघं अंगणभर धावत होते.

मी फार समाधानाने झोपायला जातो आहे.

१२ नोव्हेंबर

आबा रोज संध्याकाळी तिठ्यावर जाऊन डबा बघून येतात. मी ठरवून केलं असतं तरी त्यांना असं फिरायला लावणं जमलं नसतं. मुलं फोनवर रोज विचारतात, "आबा, डबा हाय का?" आणि ते म्हणतात, "हाय ना बाप्पा, कुठी जाते?"

आज बातमी होती. लाल मोटार गेली, तिच्या जागी एक गोटी आली. दोघं पलंगावर उड्या मारायला लागली. मी आबांना विचारलं, तर म्हणाले, "पिंटूनं नेली. मीच दाखोला त्याले डबा. म्हनलं, मोटार पाह्यजे तं आपलं काही ठेव. पठ्ठ्यानं लय इचार केला, मंग खिशातली गोटी काढली." रजत थोडा रुसला, त्याला वाटत होतं की मोटार अमेरिकेतला कोणीतरी नेईल.

२४ नोव्हेंबर, रविवार

आबांचा फोन आखूड झाला. पिंटूला चारपाच दिवस ताप आहे, आधी महागावला दाखवलं, मग यवतमाळला नेलं. प्रियंका म्हणाली, "डेंगू असन. पेशी तपासल्या का इचारा." मी आबांना विचारायला सांगितलं. ते म्हणाले, "इचारतो." मग म्हणाले, "दीपाच्या बाहुलीले केस कोनाचे लावले होते?"

मी म्हटलं, तिचेच, तुमच्यासमोरच तर चिकटवले. ते "हाव, हाव" म्हणाले आणि फोन ठेवला. आबांचं विसरणं वाढलंय. हा आणखी एक मुद्दा, वणीला आणण्याच्या बाजूने.

१ डिसेंबर, रविवार

पिंटू बरा आहे, घरी आला. चला, एक काळजी मिटली.

नानाजी सध्या ओट्यावर येत नाहीत म्हणे. साहजिक आहे, दवाखान्याच्या धावपळीत शेत पडलं असेल. आबांनी आता दूधही बंद केलं, काळा चहा पितात. दूध नानाजींकडूनच यायचं. मी म्हटलं, बरं केलंत, तुमच्या पोटाला दूध सोसत नाहीच. आणि फ्यूज गेला तरी आता कोणी बोलवायला येत नाही, असंही आबांनी सांगितलं. या वयात खांबावर चढायची हौस कधीतरी सुटायलाच हवी होती. लोकांनाच अक्कल आली हे उत्तम.

प्रियंकाला हे सगळं सांगितलं तर ती भाजी चिरता चिरता थांबली. "काहीतरी बिनसलं तिकडे." मी म्हटलं, तू नर्स आहेस, तुला सगळीकडे आजारच दिसतात. ती पुन्हा भाजी चिरायला लागली.

८ डिसेंबर, रविवार

सहा डिसेंबरला आबा विहारात गेले नाहीत. ते दर वर्षी सगळ्यांत आधी जाऊन दिव्यांची माळ लावतात. विचारलं तर म्हणाले पाय दुखतात. मग विचारलं, तिठ्यावर जाता ना रोज? "जातो." डबा? "हाय."

१९ डिसेंबर

ॲपवर आमच्या डब्यावर पहिलीच नोंद आली. नांदेडचा कोणी सायकलवाला माहूरकडे जाता जाता तिठ्यावर थांबला होता. लिहितो, डबा सापडला नाही, कपार काळी पडली आहे, तिथे काहीतरी जाळलेलं दिसतं, आणि एका माणसाने हात जोडून सांगितलं की इथे थांबू नका.

आबांना लगेच फोन केला. "डबा हाय," म्हणाले. मी नोंद वाचून दाखवली. मग म्हणाले, "लेकरायले नको सांगू."

आबा माझ्याशी कधी खोटं बोलले नव्हते. पगार झाला नाही तेव्हाही नाही, मायचा रिपोर्ट आला तेव्हाही नाही. मला राग आला आहे, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटते आहे.

२८ डिसेंबर, शनिवार. फुलसावंगी

रजा काढून सगळे आलो. स्टँडवर उतरल्यावर ओळखीच्या माणसांनी मान फिरवली. मी एकाला हाक मारली, तर तो चपलेत खडा गेल्यासारखं वाकून बसला.

आबा वाळले आहेत. मुलांना प्रियंकाने आत झोपवलं आणि मग त्यांनी सांगितलं, तेही आम्ही तुकडे जोडून जोडून काढलं. पिंटूला ताप चढला तेव्हा त्याच्या आईने, कोकिळाने, त्याच्या मुठीत लाल मोटार पाहिली. कुठून आणली? डब्यातून. घरातले तिठ्यावर गेले. काळी टेप, लाल वेढा. उघडलं तर सुया, फुटक्या बांगड्या, नाणी, खरे केस लावलेली बाहुली आणि तीन महिन्यांपूर्वी मेलेल्या बाईचं नाव. तेही तिठ्यावर. त्यांनी डबा तिथेच जाळला, आणि त्या दिवसापासून गावाने आबांकडे पाठ फिरवली.

आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात उतारा नाही, करणी नाही, नजर नाही. मायने आम्हा कोणाच्या गालाला काळं बोट लावलं नाही. ज्याच्या घरात हे काहीच नाही, त्याला ते समोर ठेवलं तरी दिसत नाही. मी दिवसाउजेडी लेकरांच्या हातून अख्खी करणी मांडून घेतली आणि वर तिचे अक्षांश-रेखांश जगाला कळवले.

"लेकरायचा खेय हाय म्हून सांगतलं काहून नाही तुमी?" प्रियंकाने विचारलं.

"त्यायनं इचारलं, डबा कोनाचा? मी म्हनलं, माया हाय, मी ठेवला."

"अहो, पण काहून?"

"दीपाचे केस होते त्याच्यात. लेकरायचं नाव घेतलं असतं, तं उद्या लेकरं या गावात कशी फिरली असती?" आबा तिच्याकडे न बघता बोलत होते. "मी म्हातारा मानूस हावो. मले काय होते?"

पोलिसात जाऊ, म्हटलं मी, जादूटोण्याचा कायदा आहे. त्यावर आबांचा आवाज पहिल्यांदा चढला. "नानाजीले ठान्यात बसवतं का तू? माया जितेपनी नाही."

मग मी त्यांना ते विचारलं, जे विचारायला नको होतं. आम्हाला नसेल कळलं, पण तुमचा जन्म इथे गेला. तिठ्यावर असा डबा ठेवताना तुमच्या कसं लक्षात आलं नाही? आबा उठून चहा टाकायला गेले.

२९ डिसेंबर, रविवार

सकाळी नानाजींच्या घरी गेलो. मोबाइल घेतला, मुलांचे डबा सजवतानाचे फोटो घेतले, प्रियंकाला सोबत घेतलं. आबा यायला तयार नव्हते, पण मी त्यांना नेलंच. आठदहा माणसं जमली. मी सगळं दाखवलं. नकाशा, चंद्रपूरचा डबा, बाहुलीला केस चिकटवतानाची दीपा. लोक मोबाइलवर वाकून बघत होते. एकजण म्हणाला, "हात्तिच्या, हे असं होतं का?" आणि सगळे हसले. नानाजी आबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "देवराव, मले ठाव होतं. पन घरात बाया ऐकत नोत्या. गैरसमज झाला बाप्पा." चहा आला, दुधाचा. आबांनी घेतला.

कोकिळा दाराला टेकून उभी होती. प्रियंकाने तिला डेंगूचं, पेशींचं नीट समजावलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, डाक्टरनंबी डेंगूच सांगतलं, मले समजते. पन डबा पेटवला अन् दुसऱ्या दिवशी पोराचा ताप उतरला. मी माय हावो. आता मी काय समजू?"

पिंटू आतून डोकावला, आबांना बघून "आबाजी" म्हणून धावला. कोकिळाने त्याला पदराआड ओढलं. रागाने नाही, रस्त्यावरून गाडी जाताना ओढतात तसं. आबांनी कप खाली ठेवला.

तरी एकूण मिटलं असं मला वाटतं. सगळ्यांसमोर खुलासा झाला, नानाजींनी चूक कबूल केली. थोडे दिवस जातील, मग सगळं पहिल्यासारखं होईल. येताना आबांना तसं म्हटलंही.

घरी आल्यावर आबा म्हणाले, "मी येतो वनीले."

मी इतके दिवस ज्याची वाट बघत होतो ते असं सहज घडलं. मला आनंद झाला, तो लपवता आला नाही. प्रियंकाने मात्र मला मागच्या अंगणात नेलं आणि म्हणाली, "तुमाले काहीच कसं दिसत नाही जी?" ती रडत होती. माझ्या मते तिला कोकिळाचं बोलणं लागलं असावं.

३० डिसेंबर

निघालो. आबांनी मायचा फोटो, दोन धोतरं आणि पक्कड-टेस्टरची पिशवी घेतली. किल्ली नेहमी नानाजींकडे असायची, या वेळी ती कनवटीला खोचली. स्टँडवर नानाजी आले होते. दोघं एकमेकांजवळ उभे राहिले. गाडी येईपर्यंत कोणी तंबाखू काढली नाही.

१५ जानेवारी. वणी

आबा शांत असतात. सकाळी गॅलरीतली काळी धूळ पुसतात, संध्याकाळी पुन्हा पुसतात. इथे फ्यूज गेला तर मोबाइलवर तक्रार करायची असते, हे त्यांना दाखवलं. जेवण बरं आहे. मी रात्री झोपतो.

२ फेब्रुवारी, रविवार

मुलं महिनाभर मागे लागली होती, म्हणून चंद्रपूरला गेलो. तलावाच्या बाजूला एक नवा डबा आला आहे. आबा आधी नाही म्हणाले, मग रजतने बोट धरून ओढल्यावर आले.

मोबाइलने रस्त्याकडेच्या एका वडापाशी आणलं. मुलं मुळांत शिरली. मी म्हटलं, आबा, या, तुमची नजर चांगली आहे. ते आले नाहीत. रस्त्याच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असे उभे राहिले. मला वाटलं दमले असतील.

मग ऐकू आलं. एक माणूस दुधाचे कॅन घेऊन सायकलवरून चालला होता. आबांनी त्याला थांबवलं आणि झाडाकडे हात करून म्हणाले, "लेकरायचा खेय हाय जी. दुसरं काही नाही." तो बघत बघत गेला. मग दोन बाया आल्या, त्यांनाही तेच. मग कॉलेजच्या पोरांची मोटारसायकल, तिच्यासमोर तर ते हात आडवा करून उभे राहिले. पोरांनी हॉर्न वाजवला, एक जण हसला. मला लाज वाटली. मी जाऊन दंडाला धरून त्यांना बाजूला घेतलं.

"आबा, असं कायले करता? इथं तुमाले कोनी ओयखत नाही."

"म्हून तं सांगून राह्यलो," आबा म्हणाले. "तिथं सारेच ओयखत होते. मले वाटलं, सांगाचं काय काम हाय?"

मी दंड सोडला. तिकडे दीपा ओरडली की सापडला. प्रियंका मुलांकडे गेली. समोरून एक म्हातारी गवताचा भारा घेऊन येत होती. आबा पुन्हा रस्त्यात जाऊन उभे राहिले, आणि या वेळी मीही त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.